कापसावरची आढी

मासिकाच्या मंडळींनी सणाच्या अंकासाठी "आपल्या धंद्यातले अनुभव लिहून पाठवा" असा निरोप धाडला, तेव्हा घरात सगळ्यात आधी हसली ती माझी बायको.

"तुमचे अनुभव? सडक्या आंब्यायचे? लोकं लाडू-करंजी खात बसतीन, अन् तुमी त्यायले वास देता काय?"

तिचं काही चुकीचं नाही. कोणी कचेरीतले अनुभव लिहितो, कोणी काशीयात्रेचे. मी पन्नाशीला आलो तो आंबे हुंगत. उभ्या आयुष्यात मी एकच विद्या शिकलो: आंबा का सडतो, आणि सडू नये म्हणून काय करावं. तिच्यातला पहिला भाग मला चांगला येतो. दुसऱ्या भागात मी अजून उमेदवार आहे.

आम्ही माळी. अमरावतीहून अंजनगावकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. घरचं वावर म्हणजे भाजीचे चार वाफे आणि झेंडूची एक ओळ. खरा धंदा आंब्याचा. दुसऱ्याच्या आमराईला मोहोर आला की तिचा मक्ता घ्यायचा, वानरं हाकलायची, आंबे उतरवायचे, आढी लावायची आणि पिकले की अमरावतीच्या नाहीतर अकोल्याच्या बाजारात न्यायचे. आढी म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, कारण आंबा झाडावरच पिवळा होतो आणि आपणहून टोपलीत येऊन बसतो, असं समजणारी शिकलेली माणसं मला भेटलेली आहेत. कच्चा, पण पुरता भरलेला आंबा उतरवायचा. तो वाळल्या गवताच्या थरावर मांडायचा, वर पुन्हा गवत, पुन्हा आंबे. आत तो हळूहळू उबतो, पिकतो. आढीवाल्याचं काम एवढंच, की त्या उबेला लगाम ठेवायचा. ऊब कमी पडली तर आंबा सुरकुततो. जास्त झाली तर सडतो.

सडण्याचेही प्रकार आहेत. मोहोरावर धुई, म्हणजे धुकं, पडली की मोहोर काळा पडून झडतो, तो एक. दुसरा प्रकार काळ्या ठिपक्यांचा. हे ठिपके कच्च्या फळावर असे गप्प असतात की कोणाला दिसणार नाहीत, आणि फळ पिकायला लागलं की अंगभर उमटतात. लग्न होईपर्यंत गरीब वाटणारे जावई असतात, त्यातलंच हे. तिसरा आणि सगळ्यात वाईट तो देठाकडून सडणारा. देठाभोवती एक तपकिरी कडं दिसतं. तुम्ही म्हणता, एवढंसं तर आहे. दुसऱ्या दिवशी ते कडं अर्ध्या आंब्यावर उतरलेलं असतं, तिसऱ्या दिवशी आंबा हातात घेतला तर बोट आत जातं, आणि तोवर शेजारच्या आंब्यांनीही तेच शिकून घेतलेलं असतं. हल्ली कोणी म्हणतात की ही बारीक बुरशी असते, डोळ्यांना न दिसणारी. असेल. आमच्या लहानपणी लोक नजर लागली म्हणायचे आणि झाडाला जुनी वहाण टांगायचे. मीही टांगलेली आहे. झाडाचं काही झालं नाही, वहाण मात्र कोणीतरी नेली.

माझ्या वडलांचं मत वेगळं होतं. झाडावर काही आंबे वाळून काळे ठिक्कर होतात आणि गळतही नाहीत, वर्षभर तसेच लटकून राहतात. वडील त्यांना 'मढी' म्हणत. "मढं घरात ठिवून कोनी पंगत वाढते काय?" असं म्हणून ते सगळी मढी काढून, खालचे सडके आंबेही वेचून, बागेबाहेर खड्ड्यात पुरायचे. गाव हसायचं. आंबा उतरवताना देठ राखायचा, चीक निथळू द्यायचा, झाडाला झोडपायचं नाही, हेही त्यांचंच. मी त्यांचं ऐकायचो, कारण दुसरं काही सुचत नसे.

आणि मग कापूस आला!

म्हणजे कापूस आमच्याकडे आधीही होताच. पण सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत भाऊबंदकीची लढाई जुंपली आणि तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा आमच्या वऱ्हाडातल्या बोंडाला जे दिवस आले, ते ज्यानं पाहिले त्यालाच ठाऊक. छत्र्या घेतलेले दलाल बांधाबांधावर हिंडायला लागले. सकाळी ऐकलेला भाव संध्याकाळी शिळा व्हायचा. ज्वारीच्या वावरात कापूस, तुरीच्या वावरात कापूस, गोठ्यामागे कापूस. अंगणातली तुळस तेवढी वाचली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. शेजारच्या गावातल्या एकानं तर कुत्र्याच्या गळ्यात चांदीची घंटा बांधली. तेव्हापासून तो कुत्रा भुंकेनासा झाला, नुसता ऐटीत चालायचा. काय दिवस होते ते! रस्त्यावर गाड्यांची रीघ, बैलांच्या घुंगरांचा आवाज, हवेत उडणारे कापसाचे पुंजके. आम्ही पोरवयाचे नव्हतो, तरी अंगात वारं भरल्यासारखं व्हायचं. आपल्यालाही काहीतरी मोठं मिळणार असं वाटायचं. काय, ते कळत नसे.

मला मिळालं ते असं: गाडी मिळेना, कारण सगळ्या गाड्या कापसाला. माणूस मिळेना, कारण सगळी माणसं कापसाला. आणि आढीला गवत मिळेना, कारण ज्वारी पेरलीच नाही तर कडबा कुठला? जे काही गवत गायरानात होतं, ते गाडीच्या बैलांनी खाऊन टाकलं.

त्याच उन्हाळ्याची ही गोष्ट.

गावचे देवराव पाटील म्हणजे मोठ्या आवाजाचे, मोठ्या मनाचे आणि फार लवकर निर्णय घेणारे गृहस्थ. नाल्याकाठी त्यांची जुनी आमराई होती. तिच्यातल्या प्रत्येक झाडाला नाव. शेंदऱ्या, त्याच्या गालावर लाली. शेप्या, त्याला शेपूच्या भाजीचा वास. खोबऱ्या, विहिरीजवळचा, गर घट्ट आणि ओल्या खोबऱ्यासारखा. लाडू, गोटी, केळ्या. मी त्या झाडांना माणसांसारखा ओळखायचो, आणि त्यांच्याशी माणसांपेक्षा जास्त बोलायचो, असं गोदा म्हणते. गोदा म्हणजे माझी बायको, वर हसली ती.

उतरणीचे दिवस आले तेव्हा पाटलांच्या बोलावण्यावरून मी गोदाला घेऊन बागेत गेलो, तर झाडांखाली परक्या माणसांचा तळ. चुली मांडलेल्या, कुऱ्हाडी बुंध्याला टेकवलेल्या. पाटील मधोमध उभे.

"ये सदोबा," पाटील म्हणाले. "हे लाकूडतोडे. लेकीचं लगन झालं की बाग पाडतो. येत्या पावसात इथं कापूस."

माझ्या हातातली टोपली खाली पडली. रिकामीच होती, म्हणून बरं.

"पाटील, एवढी बाग..."

"बाग कायची? मांगच्या साली अर्धे आंबे सडले. त्याच्या मांगच्या साली बी. सडक्या आंब्यासाठी एवढी काळी जमीन अडवून ठिवू काय?"

"थे झाडाच्या दोषानं नाई जी सडत."

"मंग कोनाच्या? माह्या?"

दोष कोणाचा ते मला माहीत होतं. पाटलांनी आधीची दोन वर्षं मक्ता दुसऱ्याला दिला होता. त्या माणसानं मढी काढली नव्हती आणि आंबे काठीनं झोडपून उतरवले होते. पण पाटलांसमोर उभं राहिलं की माझी जीभ टाळूला चिकटते. मी पायाच्या अंगठ्याकडं पाहू लागलो. मागून गोदानं कोपरानं ढोसलं. "बोला ना. अंगठा काय सांगते त्यायले?"

मी बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही, पण त्यात मढी, देठ, चीक असं सगळं एका श्वासात होतं. पाटील ऐकून घेत होते, कारण त्यांना हसू आवरत नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "वऱ्हाड अमरावतीहून येऊन राहिलं. इहीनबाई मोठ्या दलालाच्या घरच्या. त्यायच्या पंगतीले ह्या बागेचा रस चांगला निंगाला, तं बागेचा इचार करीन. सडके निंगाले तं पंगत उठल्यावर कुऱ्हाड. झालं?"

"झालं जी," मी म्हणालो. अशा वेळी माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही.

उतरवायला माणसं कुठून आणायची, हा पहिला पेच. गोदानं तो चुटकीसरशी सोडवला. ती सरळ लाकूडतोड्यांच्या मुकादमापुढं जाऊन उभी राहिली. भिकाजी त्याचं नाव, उंच, सडपातळ माणूस. "भाऊ, लग्नापरेंत बसूनच हा ना तुमी? झाडावर तं चढताच. तोडाच्या आधी आंबे उतरून द्या."

भिकाजी हसला. "बाई, आमी झाड पाडाले आलो, तुमी राखाले सांगता."

"राखू नका. आंबे तेवढे उतरवा. देठासकट. झोडपलं तं माह्याशी गाठ हाये."

मग काय विचारता! ती माणसं झाडावर अशी सरसर चढली की मला माझी लाज वाटली. मीही चढतो, पण दुसऱ्या फांदीवर डोळे मिटतो आणि उतरायला कोणीतरी बोलावावं लागतं. त्यांनी झेला हातात घेतला — झेला म्हणजे लांब बांबूच्या टोकाला बांधलेली जाळी, आंबा अलगद तिच्यात पडतो — आणि बाग गाजवून सोडली. एक वरून ओरडतो, "हा आला शेंदऱ्या!" खालचा ओरडतो, "देठ दिसू दे, बाईनं पाहिलं तं मारते!" फळं उपडी मांडून चीक निथळू दिला. वाळकी मढीही त्यांच्याकडूनच काढून घेतली आणि खड्ड्यात पुरली. भिकाजीला मध्येच काय वाटलं कोण जाणे, खोबऱ्याच्या बुंध्यावर हात ठेवून तो मला म्हणाला, "सदोबा, हे लय जुनं हाये. ह्याले पाडाले आमाले बी जीवावर येईन." मी वाकून खाली पडलेली मढी वेचायला लागलो.

मग आढीचा पेच. गवत नाही. गावभर फिरलो, तणसाची पेंडी मिळाली नाही. पाटलांना सांगायला गेलो, तर पाटील पाटावरून उठूनच उभे राहिले.

"गवत नाई तं कापूस घे! माह्या घरी कापसाले काय तोटा? कापसावर आंबे पिकव सदोबा! अमरावतीचे लोकं पाहून चाट पडतीन. पांढऱ्या कापसावर पिवळे आंबे. असं कोनी केलं काय आजवर?"

कोणी केलं नव्हतं, त्याला कारण होतं. आंबा आढीत घामेजतो. गवत तो घाम शोषतं, वाऱ्याला वाट देतं. कापूस म्हणजे गोधडी. उन्हाळ्यात गोधडीत गुंडाळलेल्या माणसाचं जे होईल, तेच आंब्याचं होणार.

"पाटील," मी धीर करून म्हणालो, "कापूस ऊब लय धरते जी."

"ऊब पायजेच ना पिकाले?"

मी म्हणालो, "जी."

बाहेर येताच गोदा म्हणाली, "आवो, 'जी' म्हनाले गेल्ते काय तुमी? तेवढं तं मी बी म्हनली असती."

शेवटी पाटलांच्या मोठ्या खोलीत कापसाची आढी लागली. सरकीसकट पांढराशुभ्र कापूस, त्यावर निवडक आंबे, वर पुन्हा कापूस. दिसायला ती इतकी देखणी होती की माझ्याही तोंडून "वाहवा" गेलं. पाटलांनी गावातल्या सगळ्यांना बोलावून बोलावून ती दाखवली. आणि हुकूम केला: विहीणबाई आल्यावर, त्यांच्यासमोरच ती उघडायची. तोवर कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही.

बाकीच्या आंब्यांचं काय? गोदा गोठ्यामागं उभी राहून एका ढिगाकडं बघत होती. कापूस वेचून झाल्यावर उपटून आणलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या वाळक्या काड्या. त्या वर्षी त्यांचा डोंगर घराएवढा झाला होता. चुलीत घालण्याखेरीज त्यांचा कोणाला उपयोग नव्हता.

"ह्या आडव्या-उभ्या रचल्या, तं मधून वारा जाईन का नाई?"

"आमच्या बापजाद्यानं पऱ्हाटीवर कधी आंबा पिकवला नाई," मी म्हणालो.

"कापसावर तरी कवा पिकवला व्हता?"

बराचसा कापूस अमरावतीला गेल्यामुळं पाटलांचं छपर मोकळं पडलं होतं. तिथं आम्ही पऱ्हाट्यांचा जाळीदार माच रचला, वर पत्रावळींसाठी आणलेली वाळकी पळसाची पानं अंथरली. ती मात्र गोदानं पत्रावळीवाल्या बाईशी भांडून मिळवली. मग झाडाझाडांचे आंबे मांडले, वर पुन्हा पानं. दिसायला ती आढी म्हणजे सुगरणीनं अर्धवट सोडलेलं घरटं.

पुढचे दिवस मी नाकानं काढले. आढीवाला डोळ्यांनी बघत नाही, हुंगतो. छपरातल्या आढीला पहिल्यांदा कैरीचा वास, मग काहीच नाही, मग एका सकाळी असा गोड दरवळ आला की मी तिथंच उकिडवा बसलो. मोठ्या खोलीतल्या आढीला मात्र फार लवकर गोड वास सुटला. पाटील खूश. "पाय कसा घमघमून राहिला!" त्यानंतर त्या गोडाच्या मागं ताडीसारखा आंबूस वास यायला लागला, आणि माझी झोप उडाली. मी पाटलांना म्हटलं, "एकडाव उघडून पाहू द्या." पाटील म्हणाले, "इहीनबाईच्या आधी तू पाहनार? नवरदेव हायेस काय?"

वऱ्हाड आलं. विहीणबाई उतरल्या त्याच रुसून. लग्नात विहिणीनं रुसायचंच असतं, ते कोणी मनावर घेत नाही. पण ह्या बाई रुसव्यात तयार होत्या. पाय धुवायचं पाणी गरम, गूळ चिकट, मांडवाची सावली तिरपी. पाटलांनी हात जोडले आणि म्हणाले, "इहीनबाई, आधी एक गंमत पाहा."

सगळं वऱ्हाड मोठ्या खोलीच्या दारात. आत पांढरा कापूस. मागच्या बाजूला भिकाजी आणि त्याची माणसं माना उंच करून. पाटलांनी स्वतःच्या हातानं वरचा थर उचलला.

तो उचललाच जाईना. चिकटला होता. जोर लावला तर तपकिरी डागांचा एक गोधडीसारखा तुकडा उपटून हातात आला, आणि त्याला दोन आंबे लोंबत होते, देठाकडून काळे. त्यातला एक पाटलांच्या नव्या धोतरावर फुटला. चिलटांचा एक ढग वर आला. वासाचं वर्णन मी करत नाही, गोदानं आधीच ताकीद दिलेली आहे.

विहीणबाईंनी पदर नाकाला लावला. "इवाई, हे दाखवाले आनलं व्हय आमाले?"

पाटलांचा चेहरा मी त्याआधी किंवा त्यानंतर तसा कधी पाहिला नाही. ते हळूच वळले आणि म्हणाले, "सदोबा." आवाज अगदी बारीक होता. मला बाग दिसायला लागली, आडवी पडलेली. जीभ टाळूला. पायाचा अंगठा. आणि मागून गोदा, डोक्यावरचा पदर सारखा करत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी:

"पाटील, ही शोभेची आढी व्हती. जेवाची मांगं हाये. चला ना, इहीनबाईले थे दाखवा."

शोभेची आढी! मी उभ्या आयुष्यात असली गोष्ट ऐकली नव्हती. पाटलांनीही नव्हती. पण ते हुशार माणूस. एका क्षणात आवाज मूळ जागी आला. "हां! शोभेची! चला चला, खरी मांगं हाये!"

वऱ्हाड छपराकडं निघालं. मी पुढं, आणि वाटभर देवाचं नाव घेत होतो, कारण पऱ्हाटीची आढीही आम्ही उघडलेली नव्हती. वास चांगला होता, पण वासानं मोठमोठ्यांना फसवलेलं आहे. मी गुडघ्यांवर बसलो. पळसाचं पान उचललं.

पिवळा! त्याच्या शेजारी पिवळा, त्याच्या शेजारी लालसर, शेंदऱ्या! मी एकेकाचा देठ दाबत गेलो. घट्ट. घट्ट. कोरडा. घट्ट! मी मोठ्यानं हसत होतो असं मागाहून लोकांनी सांगितलं. काही थोडे लागलेले निघाले, ते कुठं गेले ते मला कळलं नाही. गोदाचा पदर त्या वेळी फार जड दिसत होता. पण टोपल्यांवर टोपल्या भरत गेल्या, आणि मागून भिकाजी आपल्या माणसांना ओरडून सांगत होता, "म्या उतरवले थे! देठासकट उतरवले!"

पंगत बसली. रस, पोळ्या, कुरडया. पाटील स्वतः वाढायला. विहीणबाईंनी एक वाटी घेतली. दुसरी घेतली. तिसऱ्या वाटीला त्यांनी वाढणाऱ्याचा हात धरला आणि पातेलंच जवळ ठेवून घेतलं. मग एक आंबा चोखायला मागितला. तो संपवला, कोय बाजूला ठेवली, पदरानं तोंड पुसलं, आणि पुन्हा रुसल्या.

"आता काय झालं?" पाटील घाबरले.

"मी उठत नाई पाटावरून. लेक दिली तशी हा आंबा बी द्या. दर उन्हाळ्यात ह्याच आंब्याची पाटी माह्या दारात आली पायजे. बोला."

सगळी पंगत बघतेय. मुलीच्या बापाला अशा वेळी एकच उत्तर असतं. पाटील म्हणाले, "दिला!" विहीणबाई उठल्या. वाजंत्र्यांनी उगीचच एक पिपाणी फुंकली.

पाटील माझ्याकडं आले. मी टोपल्यांजवळ उभा होतो. त्यांनी ती चोखलेली कोय उचलून माझ्यापुढं धरली.

"सदोबा, हा कोन्त्या झाडाचा? तेवढं एक झाड ठिवतो. बाकीचे पाडाले भिकाजीले सांगतो."

मी कोय बघितली. बघायचीही गरज नव्हती. चपटी, रेषा कमी, वास ओल्या खोबऱ्याचा. विहिरीजवळचा खोबऱ्या. आढीवाल्याला हे सांगता येत नसेल, तर त्यानं टोपल्या विकून दुसरा धंदा बघावा. मला डोळे बांधून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. नुसत्या देठावरून सांगितलं असतं.

मागं भिकाजी उभा, रसाची वाटी हातात. गोदाही थांबली होती.

"नाई सांगता येत जी," मी म्हणालो. "एकाच आढीत सारे मिसळले. कोन्ता कोनाचा, काई समजत नाई."

"तुले समजत नाई?"

"नाई जी."

"म्हंजे इहीनबाईले दर साली थोच आंबा द्याचा, तं..."

"सारेच ठिवा लागतीन जी."

पाटलांनी एकदा कोयीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग त्यांनी ती कोय पंगतीकडं दाखवत, मोठ्या आवाजात म्हटलं, "पाहा लेकहो! हा आढीवाला! ह्याले आंबा ओळखता येत नाई!"

अख्खी पंगत हसली. विहीणबाई हसल्या, वाजंत्री हसले, वाढपी हसले. भिकाजी एवढा हसला की त्याच्या वाटीतला रस सांडला, आणि मग तो आपल्या माणसांना घेऊन मांडवाचे खांब मोजायला गेला, कारण पाटलांनी त्यांना लग्नानंतर झाडांऐवजी तेच काढायला सांगितलं. गोदा हसली नाही. तिनं माझ्या पानात न विचारता आणखी एक वाटी रस वाढला, आणि काही टोमणाही मारला नाही. असं आमच्या संसारात फारसं घडत नाही.

पुढं कापसाचा भाव उतरला. शेजारच्या दोन गावांच्या आमराया त्या गडबडीत गेल्या, त्या काही परत आल्या नाहीत. तिथून जाताना मी अजून मान वळवतो. माझं नाव 'आंबा न ओळखणारा आढीवाला' असं परगण्यात पसरलं आणि बरीच वर्षं टिकलं. मक्ता देताना अजून एखादा गमतीनं विचारतो, "सदोबा, हा आंबाच हाये ना?" मी म्हणतो, "पाहून सांगतो."

विहीणबाई आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. दर उन्हाळ्यात त्यांची पाटी मी स्वतः अमरावतीला पोचवतो. वर खोबऱ्याचे आंबे मांडतो, म्हणजे त्यांचा रुसवा लांबत नाही. खाली शेंदऱ्याचे, शेप्याचे, लाडूचे, गोटीचे, केळ्याचे, त्या बागेतल्या सगळ्यांचे थोडेथोडे घालतो. एकही झाड वगळत नाही.